धुडकू मिस्तरीचं टेबल

टेबल म्हणा, उंच चौरंग म्हणा.
बहादरपूरच्या बाजारातून आणलं, पोळा झाल्यावर.
बाभळीचं. गाठी तशाच, वाकसाचे घावही.
बैलांच्या शिंगांना पुरून वाटीभर उरलेला हिंगूळ,
आणि कुणाच्या तरी दाराचा हिरवा.

दर्शनी फळीवर दोन पोपट.
डावा कोंबडीसारखा दिसतो म्हटल्यावर
मिस्तरी बिडी विझवत म्हणाला,
"उडना म्हंजे समजी तुले."

खण उघडायला गुडघा टेकवावा लागतो,
मिटायला एखादी शिवी.
चौथा पाय बोटभर आखूड, खाली कौलाचा तुकडा.
धुळ्यात घर तीनदा बदललं,
तीनही वेळा तो तुकडा मी खिशात घालून नेला.

उजव्या पोपटाच्या चोचीपुढे एक माशी आहे.
काढलेली नव्हे, खरी.
रंग ओला असताना बसली, ती राहिलीच.
एकोणीस वर्षं तो तिला
आत्ता खाईन, मग खाईन करतोय.

परवा सनमायकावाला लोकेश आला, ओट्याच्या मापाला.
बोट फिरवून म्हणाला,
"काका, घासून सपाट करून देऊ हे?
वरून अक्रोडी शीट. ओळखू नाही येणार."
मी म्हटलं, आधी चहा घे.

कप ठेवला त्यानं. कप निघाला
उतारानं, हळूच, हिरव्यावरून हिंगुळावर.
तो धरायला झेपावला,
मी त्याचा हात अडवला.

वाकसानं सोडलेल्या उंचवट्याला
कप टेकला, थांबला.

तिथंच थांबतो. सगळ्यांचा.