पोटखराबा

सातबाऱ्यावर तिला नाव नव्हतं.
गट नंबर दोनशे चौदा, पोटखराबा,
आकार निरंक.
गावात म्हसपाठ म्हणायचे.
खडकुंब्याच्या वाटेनं आलं की
टेकडी नाही, म्हैस बसलेली दिसायची,
तोंड धारूरकडं.

मी कोतवाल. तलाठी मॅडमच्या टेपचं
शून्याचं टोक माझ्याकडं असतं.
परवाना पाचशे ब्रासचा.
मोजायला गेलो तर
टोक टेकवायला जागाच सापडेना.
शून्य कुठं धरू, मॅडम?
इथं तर नुसती हवा आहे.

त्या म्हणाल्या, खड्डा मोजू.
मोजला. लांबी, रुंदी, खोली.
पण जमिनीच्या वर जे होतं
ते कुठल्या रकान्यात घालायचं?
पवन्या गवत, ज्यानं माझ्या बापाचं छप्पर शाकारलं.
सीताफळी, कुणीच न लावलेल्या.
साळिंदराचं बीळ; त्यातला एक काटा
माझ्या पोरीच्या कंपासपेटीत आहे, बाकी साळिंदर
कुठं गेलं ठाऊक नाही.
आणि पायथ्याचा पाझर.
मे महिन्यात दिवसाला दोन घागरी द्यायचा,
दोनच, पण द्यायचा.
सुरुंग सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात
खालच्या खाली तोंड फिरवून बसला.
मागोमाग महारुद्र अप्पांची विहीर.

क्रशरच्या मॅनेजरनं चहा मागवला.
बशीत ओतेस्तोवर वर साय धरली,
दगडाची.

रस्ता चांगला झालाय, खोटं का बोलू.
थोरली बाळंतपणाला अडली तेव्हा
पाऊण तासात अंबाजोगाई गाठली त्याच रस्त्यानं.
जीप जराही हादरली नाही.
म्हशीच्या पाठीवरूनच गेलो आम्ही,
फक्त ती आता आडवी होती, डांबराखाली.
नातू बरा आहे. रात्री खोकतो.

पंच म्हणून शेळ्यावाली सोजरबाई आली.
अंगठ्याला शाई लावता लावता म्हणाली,
सावलीचं लिवलंय का गं?
चारला माझ्या कोंडवाड्यापस्तोर यायची.
मॅडमनी पेनचं टोपण काढलं,
परत लावलं.

कागदावर अंगठा उमटला:
गोल गोल रेषा,
एकीच्या आत एक, वर चढत गेलेल्या.
नकाशात टेकडी अशीच काढतात.
शाई वाळेना.
मी फुंकर घालत उभा राहिलो,
वरून धूळ बसू नये म्हणून.