विरळ माशी

ओहोटी लागली की केनेबेक पुलाच्या खांबांवर
चिरत जाते, आणि वर्ना पेल्की डबा उघडते,
खोकल्याच्या गोळ्यांचा, झाकण गंजलेलं.

मी सगळ्यांत जाडजूड माशी उचलली:
पांढरी पिसं, वर चकाकी, वीतभर रुबाब.
"ही टोपीला लाव," ती म्हणाली.

मग तिने दिली हरणाच्या शेपटीच्या मोजक्या केसांची,
शिशाचे डोळे, पाठीवर हिरवट रेघ,
जवळजवळ काहीच नाही.
"केस कमी, तितकी खोल.
या ओढीत नटून कुणी तळाला पोचत नाही."

वरच्या अंगाला फेकायची. ढील द्यायची. सात मोजायचे.
वर्ना मोजत नाही, नवऱ्याला शिव्या घालते
आणि सातव्या शिवीला ओढते.
तो गोदीत वेल्डर होता. वारला की गेला,
मी विचारलं नाही.

तिसऱ्या फेकीला दोरी अडली.
दगड, मी म्हटलं.
दगडाने डोकं हलवलं.

कुशीवर वहीसारख्या काळ्या रेघा,
एक मध्येच तुटलेली.
बास पाण्यात परत गेला
तेव्हा माशीवर दहाबारा केस उरले होते.
"आता कुठे झाली," म्हणत वर्नाने ती डब्यात ठेवली.

जाडी अजून माझ्या टोपीवर आहे.
वाऱ्यात छान दिसते.