फ्रिजमागची भिंत

देवपुरात, वैशाखात, दुपारी बाराला
मी लोकांच्या घरात शिरते,
चपला बाहेर काढते
आणि भिंतींना टकटक करते.

दहाचं नाणं पुरतं.
भरीव फरशी आखूड बोलते,
पोकळ फरशी जरा जास्तच गोड.
ओल मोजायचं यंत्र आहे, पण आधी नाक.
चार भिंती जुन्या आणि एकीलाच नवा डिस्टेंपर,
की मी तिथे उभी राहते.

घर दगाजी बोरसेंचं.
एस.टी.च्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं गाड्यांचे पाटे बदलले.
घेणारी रेशमा तडवी, यावलकडची, सिव्हिलमध्ये नर्स,
पहिलं घर, वीस वर्षांचं कर्ज.
फी ती देते.
पण माझी निम्मी कामं भटू एजंटाच्या फोनमधून येतात.
एवढंच गणित. गच्चीचा जिना चढताना
मी ते दर वेळी करते
आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

टाकीखाली सुकलेलं शेवाळ. लिहिलं.
अर्थिंग नाही. लिहिलं.
भटू म्हणाला, ताई, इतकं बारीक कोण बघतं,
घर आहे, मुलगी थोडीच बघायला आलोय?
मला बघायला आले होते
तेव्हा फार बारीक बघितलं होतं.

स्वयंपाकघरात फ्रिज खिडकीच्या भिंतीशी.
वायर पुरत नव्हती,
एक्स्टेन्शन बोर्ड ओट्यावरून ओढून आणलेला.
पायांचे चार गंजके डाग समोरच्या कोपऱ्यात.
फ्रिज हलवाल का?
भटूने घड्याळ पाहिलं.
दगाजींनी नाही पाहिलं. एकट्यानेच
मिठी मारल्यासारखा तो बाजूला सरकवला.

भेग. जोत्यापासून लिंटेलपर्यंत,
विटाविटांच्या पायऱ्या चढत गेलेली.
तिच्या टोकाशी पेन्सिलीच्या रेघा, तारखा,
चौकटीवर नातवाची उंची मोजावी तशा.
मे २०११. मे २०१४. मे २०१९.
मध्ये सिमेंटने डकवलेली काचेची पट्टी, तडकलेली.
पाट्याला चीर कुठून जाते हे ज्याच्या हाताला माहीत
तो भिंतीला फसवत नाही.
माणसांना फसवतो का,
ते माझ्या यंत्रावर येत नाही.

खाली काळी माती.
पावसात फुगते, भेग आवळून घेते.
भादव्यात बोलावलं असतं
तर माझं पोस्टकार्डही आत गेलं नसतं.
जाणते सगळे भादव्यातच विकतात.
यांनी वैशाखात काढलं.
वैशाखात काढलं, आणि पुढे फ्रिज लावला.

"जे शे ते लिख, माय,"
भिंतीकडे बघतच ते म्हणाले.
मग हळू, "पन पोरगीले भेवाडू नको."

भटू गेटपर्यंत आला.
हेअरलाइन लिहा ना, बँकेला चालतं.
मी सात मिलिमीटर लिहिलं.
इतका जाड केस कुणाचा नसतो.
पेन्सिलीच्या तारखाही उतरवल्या, जशाच्या तशा,
त्या लिहायला फॉर्मात जागा नव्हती, समासात.
पुढचे आठ दिवस भटूचा फोन नाही.

रेशमाचा आला, रात्रपाळीतून.
मॅडम, तुम्ही असता तर घेतलं असतं?

याचं उत्तर आम्ही द्यायचं नसतं.
घ्या म्हणायचं नाही, सोडा म्हणायचं नाही,
भाव तर काढायचाच नाही.
मी म्हटलं, पान चार वाचा.
वाचलं, ती म्हणाली.
पेशंटला आम्हीही फाइल देतो, मॅडम.
फाइल हातात धरून
ते आमच्या तोंडाकडे बघतात.

कूलरमधलं पाणी कधीच संपलं होतं,
नुसती पाती फिरत होती, गरम.
तिच्या मागे कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं.
मी विचारलं, जे कुठल्याच फॉर्मात नाही,
त्या भिंतीच्या पलीकडे
कोण झोपणार आहे?