खांबावरची उधारी

किल्ल्याच्या दक्षिण दरवाज्यातून बाहेर पडलात
की डाव्या हाताला सातवं घर माझं.
तोंड अरुंद, अंग लांब.
रस्त्यालगतची जागा महाग,
म्हणून सगळीच घरं इथं खांदे चोरून उभी.
पुढं दुकान, मागं चूल, चुलीमागं डुक्कर,
त्यामागं विहीर. तिच्या पाण्याला
वरच्या चांभाराच्या कातड्याचा वास येतो.
तटाच्या आत वास येत नाही. आत नळ आहे.

रस्ता त्यांनी बांधला, खरंय.
दोरी धरून, सरळ, टेकडीला न विचारता.
मैलाचा दगड पुढच्या छावणीचं अंतर सांगतो.
माझ्या दारापर्यंत किती, कुणी कोरलं नाही.
ताग्गोला ते पाठ होतं:
एकशे बारा पावलं,
प्यायल्यावर दीडशे.

शिपायाला बायको नसते, असा कायदा.
मग एनिकाही नाही.
तरी तिचे दात पडतात,
आणि चपला दर हिवाळ्यात लहान होतात.

हुकूम आला तेव्हा जव अजून हिरवा होता.
पलटण निघाली दानुबेकडे.
पुढचे टेकडीआड गेले,
मागचे अजून चांभाराकडं
बुटांना खिळे ठोकून घेत होते.
तो उधारीवर. तोही रडत होता.
ताग्गो म्हणाला, पगार झाला की बोलावतो.
(शेजारच्या सेनुनाला तिचाही हेच म्हणाला,
अगदी याच शब्दांत. आत शिकवत असतील.)

एकोणीस दिवस गल्ल्यावर कोंबडी बसली.
मग हिस्पानियाचे आले.
जवाची दारू तोंडात घेतात, थुंकतात,
द्राक्षाची मागतात.
एकानं विचारलं, खांबावर कोळशाच्या रेघा कसल्या?
म्हटलं, एकतीस गडवे.
तो हसला. मग हसला नाही.

संध्याकाळी एनिका दरवाज्यापर्यंत जाते
आणि मोजत परत येते.
गेल्या साली दोनशे चार व्हायची.
परवा एकशे नव्वद.
काल एकशे सत्त्याऐंशी, पण पळत आली होती,
ते धरायचं नाही म्हणाली.

आज खांब पुसायला पाणी काढलं.
चिंधीही भिजवली.
मग त्याच पाण्यात
पीठ मळून घेतलं.