औलू, उणे एकवीस

संचालकांच्या सादरीकरणात बावन्न स्लाइड,
बाण सगळे वर जाणारे.
तळघरात सिर्का
नव्या पोराचा वाकडा अँटेना
तिसऱ्यांदा हातात घेऊन बघते आहे.

‘चुकलंय,’ यालमारी म्हणतो.
‘हो. पण कुठे, ते ऐक.’
ती दार लावून घेते. फोमच्या सुळक्यांच्या त्या खोलीत
आधी आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू येतं,
आणि मग, बऱ्याच वेळाने, चूक.

अकरा वर्षं तिने एवढंच शिकवलं:
घाई न करता चुकीपाशी बसणं.
तिची चार पोरं पगार बघून हेलसिंकीला गेली.
मनुष्यबळाच्या तक्त्यात त्याला ‘गळती’ म्हणतात.
नाताळात तिला कार्डं येतात.

मार्चमध्ये बर्फाने गाडलेल्या खांबांवर
तो वाकडाच तेवढा बोलत राहिला.

यंदा पहिल्याच स्लाइडवर त्याचा फोटो,
खाली ठळक अक्षरांत: आमची दिशा.
टाळ्या.

सिर्का मागच्या रांगेत, बूट अजून ओले.
शेजारची नवी मुलगी कुजबुजते,
‘ही दिशा ठरवली कुणी?’
सिर्का घड्याळ बघते.
‘खोली दहाला मोकळी होते. चल.’