वजन तेवढंच

रबाळे एमआयडीसी, रात्रपाळी.
भट्टीच्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात:
प्लेट सतरा, काचेवर सोनं, जाडी चाळीस नॅनोमीटर,
सहाशे अंश, चार तास. सही: द. मढवी.

सकाळी दार उघडलं तर सोनं नव्हतं.
म्हणजे पिवळं नव्हतं.
काच दुधाळ, तिरकी धरली की जांभळट.
काल हिच्यातच बघून मी टिकली सरळ केली होती.

स्टोअरचे गुजर म्हणाले, वितळलं असेल.
म्हटलं, वितळायला हजार चौसष्ट लागतात,
आपण अर्ध्या वाटेवरच होतो.
मग ते काही बोलले नाहीत,
माझ्या डब्याच्या पिशवीकडे बघितलं फक्त.

पावणेआठ मिलिग्रॅम.
एवढ्यात चमकीची तारसुद्धा निघणार नाही.
तरी पिशवी मीच उपडी केली टेबलावर:
डबा, छत्री, आयने दिलेल्या सुक्या जवळ्याची पुडी.

मग प्लेट तराजूत ठेवली,
काचेची दारं ओढून घेतली, श्वास धरला.
शेवटचा आकडा बराच वेळ डळमळला
आणि कालच्याच जागी येऊन बसला.

गेलं नाही. सरकलंय.

सूक्ष्मदर्शकाखाली कडेपासून सुरुवात केली.
कड म्हणजे धार, आणि धारेवर कुणाला राहवतं?
एकेक अणू तिथून उठतो,
पृष्ठावरूनच चालत सपाटीकडे जातो,
वितळत नाही, उडत नाही, चालतो.
कड मागे हटते, हटताना जाड होते,
जाड झाली की चाल मंदावते.
पहिल्या तासात धावलेली
चौथ्या तासाला पाय ओढत होती.

आणि तिच्या मागे, जिकडे कुणी बघत नाही,
एक खळगी पडते.
खोल होत होत काचेला टेकते,
टेकली की बांध तुटून एकटा पडतो,
आणि पुन्हा नवी कड, पुन्हा धार, पुन्हा तेच.
तुटलेला बांधही लांब राहत नाही,
त्याचे मणी होतात.
ओवलेले नाहीत.

बाबा खाडीकाठच्या मिठागरात होते.
कुंडीत मिठाचा पातळ थर धरला
की लाकडी फळीने ओढत आणायचे बांधाशी,
रास करायचे. मागे काळा चिखल उघडा.
मी लहान असताना विचारलं होतं,
मधलं मीठ कुठे गेलं?
ते म्हणाले, कुठं जातंय, हे काय इथं हाय.

इथे फळी कुणी धरली नव्हती.
ऊब दिली मी, एवढंच.
आणि सोन्याखाली क्रोमचा हात द्यायला हवा होता,
तो कुणीतरी खर्च वाचवायला काढून टाकला होता.
तेही रजिस्टरमध्ये आहे. अक्षर माझं नाही.

दुपारी गुजर स्वतः खाली आले.
डोळा लावून बराच वेळ बघत राहिले.
"हे सगळे ठिपके सोनंच?"
सोनंच.
"मग माल पास करू या की. वजन तर भरतंय."

मी मल्टिमीटर आणला.
एक टोक या कडेला, एक त्या कडेला.
तार तारेला लावून आधी दाखवलं, कसा वाजतो ते.
मग काचेवर टेकवलं.

काही नाही.
जागा बदलली. काही नाही.

खिडकीतून गोठिवलीचं गावठाण दिसतं,
चारी बाजूंनी टॉवर, मधे आमची कौलं.
चार काका, चार जिने, चार मीटर,
साडेबारा टक्क्यांची फाईल कोर्टात.
मोजायला गेलं तर माणसं सगळी आहेत,
एकही कमी नाही.

गुजर म्हणाले, अजून एकदा लावून बघ.

लावलं.