रिकाम्या पोटी

तीन कॅमेरे होते, तिघांचंही पोट बिघडलेलं.
पहिल्याच्या लोडिंगच्या चाकाचा दात तुटला,
नखाच्या कडेएवढा. पुण्याला फोन केला
तर म्हणाले, कंपनीच विसरली ते मॉडेल.
दुसरा टेप आत घेतो आणि परत देत नाही.
तिसऱ्याचं नंतर.

साखर पेठेत माझ्या पाटीवर अजून
लग्न, बारसे, गृहप्रवेश आहे.
खाली मुलानं रिचार्ज लिहिलंय, जरा मोठ्या अक्षरात.

भंगारवाला जिलानी तिन्हींचे दीडशे देत होता.
मी म्हटलं, डोळा शाबूत आहे की ओ.
तो म्हणाला, डोळ्याचं वजन किती भरतं?

त्या रात्री हट्टानं पिवळी वायर टीव्हीला लावली.
पडद्यावर माझाच अंगठा, भाकरीएवढा,
रेघा नांगरल्यासारख्या.
कॅसेट पोटात असली की हा पाच मिनिटांत झोपतो,
रिकाम्या पोटी रात्रभर जागा.
वीस वर्षं खांद्यावर मिरवला,
हे माहीत नव्हतं.

पहिला गड्डमच्या टॉवेल गोदामात बसवला, उंदरांवर नजर म्हणून.
अंधारात सगळं हिरवं दिसतं त्याला.
उंदीर एकही आला नाही.
दिसला वॉचमन, गठ्ठ्यांच्या मधल्या बोळात
लेझीम नसताना लेझीम खेळणारा.
गड्डमला मी सांगितलं, उंदीर नाहीत.

दुसरा उघडला तो मिटलाच नाही.
त्याचं भिंग घड्याळवाल्या इरप्पाला दिलं,
स्क्रू मुलानं कुठल्याशा डबीत.

आता तिसरा.
दोन हजार चार, अशोक चौकातलं कार्यालय,
नागमणीचं लग्न.
अक्षता पडायला लागल्या आणि
माझ्या कानाशी चर्र झालं.
मंगळसूत्र, सासरचे हात, आईचं तोंड,
सगळं चुरगळून एका चाकाभोवती.
तिच्या बापानं ठरलेले पैसे पुरते दिले,
एक शब्द बोलला नाही.
शिवी दिली असती तर मी लवकर विसरलो असतो.

तीच परवा दुकानात आली. सहा माग चालवते आता.
सासऱ्याला धागा दिसेना झालाय,
एक डोळा ऑपरेशनात गेला, दुसरा कुरकुरतो,
पण सांधायला त्याच्यासारखं बोट
अख्ख्या गल्लीत नाही.
गड्डमकडचं ऐकलंय, म्हणाली. आमच्याकडे लाव.

फणीवर स्टँड वाकवला, स्टुलावर टीव्ही.
ताणा दिसला दोरखंडासारखा, एकेक सुटा,
आणि तुटलेलं टोक, मान टाकलेलं.
म्हाताऱ्यानं हात घातला, पडद्यावरचा हात उलटीकडे गेला.
तेलुगूत त्यानं मला जे म्हटलं
ते मला समजतं हे तो विसरला.
कॅमेरा फिरवून बसवला.
मग बोटं खाली, नजर पडद्यावर,
चिमटीत एक पीळ, आणि गाठ.
लगेच दुसरी. तिसरीला तो हसला.

दर तासाला काचेवर कापसाची भुकटी बसते,
नागमणी पदरानं पुसते.

ती म्हणाली, हे सगळं साठतं का आत?
नाही, मी म्हटलं. नुसतं बघतो.
म्हणजे माझ्या लग्नातही हेच करत होता म्हणा.

मी वायरशी उगीच काहीतरी केलं.
तिनं चहा सांगितला.

पडद्याच्या कोपऱ्यात कॅसेटचं चित्र लुकलुकत होतं,
मागत होतं, बिचाऱ्याला सवय.
ते डोळ्यात येतं, म्हातारा करवादला.
मी बटणं दाबून पाहिली, ते जाईना.
तेव्हा नागमणीनं आरशाच्या कडेची एक टिकली काढली,
मोठी, मरून रंगाची,
आणि काचेवर नेमकी तिथं चिकटवली.

शेजारचे पाच माग चालू झाले.
पडदा थरथरला, धागे थरथरले.
टिकली जागच्या जागी.